पीसीचा लाल दिवा विझतच नाही, हार्डडिस्क सतत कुरकुरतेय

पत्रिकावाली | सोमवार, रात्री ९:१०

वर्षभर वाचनमात्र होते, आज अडलंय म्हणून पहिलाच धागा काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

कराडला आमचं डीटीपीचं दुकान आहे, बाबांनी थाटलेलं. लग्नपत्रिका, बिलबुकं, सोसायट्यांचे अहवाल असली कामं. तुळशीचं लग्न झालं की पत्रिकांची रांग लागते आणि नेमका आत्ताच पीसी रुसलाय. कॅबिनेटवरचा लाल दिवा, तो हार्डडिस्कचा, सकाळी मशीन चालू केलं की लागतो तो दुपारपर्यंत विझत नाही. लुकलुकत नाही, चिकटूनच राहतो. आतून कुर्रर्र कुर्र आवाज, कुणी अडकित्त्याने सुपारी कातरतंय असा. काहीही उघडलेलं नसताना. फोल्डरवर क्लिक केलं की पाढे म्हणत बसायचं, पंचविसाचा संपत आला की उघडतो.

मशीन: आय-५, तिसरी पिढी. रॅम ४ जीबी. १ टीबीची ७२००वाली हार्डडिस्क, २०१३ ची. विंडोज १०. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के दिसते, पण वेग अर्धा एमबी, कधी ०.२. शंभर टक्के राबतेय तर एवढंसंच काम कसं होतंय?

दोन महिन्यांपूर्वी एका दुकानात दाखवलं. "व्हायरस आहे" म्हणाले आणि सी फॉरमॅट करून दिला. आठवडाभर बरं चाललं, पुन्हा तेच. मी डीफ्रॅग मारला, टेंप साफ केलं, अँटिव्हायरसचा फुल स्कॅन लावला तर तो रात्रभर ३१ टक्क्यांवर अडकून होता. बॅकअप सगळा डी ड्राइव्हवर आहे, तेवढी एक काळजी नाही.

टिंब | सोमवार, रात्री ९:१४

एसएसडी घ्या. विषय संपला.

भडंगप्रेमी | सोमवार, रात्री ९:३१

ताई, ह्यो विंडोज १० चा जुनाच दुखणा. सर्व्हिसेसमध्ये जाऊन सिसमेन बंद करा, विंडोज सर्च बंद करा, टेलिमेट्रीवाली (मायक्रोसॉफ्टला माहिती पाठवणारी) कामं टास्क शेड्युलरमधून उडवा, पेजफाइल पण बंद करा. माझं मशीन लई मस्त पळतंय तेव्हापासून.

खटपट्या | सोमवार, रात्री ९:५२

भडंगराव, ४ जीबी रॅमवर पेजफाइल (रॅम पुरली नाही की डिस्कवर वापरायची जागा) बंद करायला सांगताय? कोरल आणि फोटोशॉप एकत्र उघडलं की मशीन डोळे पांढरे करेल. ताई, ते तेवढं करू नका. बाकीच्या सर्व्हिसेस बंद करून बघायला हरकत नाही, पुन्हा चालू करता येतात.

सिसमेन म्हणजे व्हिस्टापासून आलेलं सुपरफेच, नाव बदललेलं. रोज लागणारे प्रोग्रॅम आधीच रॅममध्ये आणून ठेवतं. मशीन सुरू झाल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं त्याने डिस्क खडखडवली तर तो त्याचा धर्म आहे. दुपारपर्यंत मात्र नाही.

रात्रपाळी | सोमवार, रात्री ११:४०

ड्यूटीवर आहे, सर्व्हर सगळे शांत आहेत, तेव्हा जरा लांबण लावतो.

आधी ताईंच्या प्रश्नाचं गणित. ७२०० फेऱ्या मिनिटाला म्हणजे सेकंदाला १२०. एका फेरीला ८.३३ मिलिसेकंद. हवी ती जागा डिस्कच्या वाचणाऱ्या डोक्याखाली यायला सरासरी अर्धी फेरी, म्हणजे ४.१७. त्याआधी डोकं योग्य रेघेवर सरकायला आठ-नऊ. एकूण झाले तेरा. म्हणजे इकडे-तिकडे विखुरलेल्या जागा मागितल्या तर ही डिस्क सेकंदाला सत्तर-ऐंशी मागण्याच पुऱ्या करणार. प्रत्येक मागणी ४ केबीची धरली तर सगळे मिळून ३०० केबी. हीच डिस्क एकसलग वाचायला दिलीत तर सेकंदाला शंभर-दीडशे एमबी देईल. पोस्टमन एका सोसायटीत शंभर पत्रं पाच मिनिटांत टाकतो, तीच शंभर गावांत टाकायची तर महिना. तो दिवसभर सायकल मारतोच आहे, म्हणून १०० टक्के. तेव्हा १०० टक्के आणि ०.३ एमबी एवढ्यावरून डिस्कला दोष देता येत नाही. तो टक्का फक्त "डिस्क रिकामी बसली नाही" एवढंच सांगतो.

खरा आकडा आहे रिस्पॉन्स टाइम. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबवर डिस्क निवडा, सरासरी खाली दिसेल. गर्दीत पन्नास-शंभर मिलिसेकंद चालून जातात. हजारांत दिसला तर लगेच इथे लिहा.

आणि सर्व्हिसेस बंद करण्याआधी एक काम करा. त्याच टॅबच्या तळाशी रिसोर्स मॉनिटर उघडायची लिंक आहे. त्यात डिस्क टॅब, तिथली डिस्क ॲक्टिव्हिटीची यादी. रिस्पॉन्स टाइमच्या मथळ्यावर क्लिक करून मोठे आकडे वर आणा आणि डावीकडे फाइलचं नाव वाचा. कोणता प्रोग्रॅम हे सगळे बघतात, कोणती फाइल हे कुणी बघत नाही.

पेंग्विनभक्त | मंगळवार, सकाळी ७:०५

लिनक्स टाका. आयओटॉप चालवलं की दोन मिनिटांत चोर सापडतो.

खटपट्या | मंगळवार, सकाळी ७:२०

आणि कोरल तुम्ही येऊन चालवून देणार का? शिवाय तिथे काय सगळं सोवळं आहे? ट्रॅकर नावाचा इंडेक्सर (फायलींची शोधसूची बनवणारा) आहेच, नव्या फायली दिसल्या की तोही दळण घालतो.

पेंग्विनभक्त | मंगळवार, सकाळी ७:२८

मान्य. पण आमचं दळण बंद करता येतं :)

पत्रिकावाली | मंगळवार, रात्री ८:४५

मंडळी, बातमी! सकाळी भडंगदादांचं ऐकून सिसमेन आणि विंडोज सर्च बंद केलं (पेजफाइल नाही केली). आणि दिवा विझला! दुपारपर्यंत मशीन अगदी शहाण्यासारखं चाललं. साडेतीनच्या सुमारास एक जुनं गिऱ्हाईक आलं, "थोरल्याच्या वेळची होती तशीच पत्रिका करा" म्हणून. बाबांनी डीवरचा २०१७ चा फोल्डर उघडला आणि पुन्हा कुर्रर्र. दिवा चिकटला तो आत्ता दुकान बंद करेपर्यंत.

रिसोर्स मॉनिटर बघितला. सगळ्यात वर रिस्पॉन्स टाइम ४,८७१. मग ६,२०३. एकदा ९,००० च्या वर गेला. प्रोग्रॅम बदलत होते, कधी एक्सप्लोरर, कधी अँटिव्हायरस. फाइल मात्र दर वेळी तीच. डीवरच्या २०१७ च्या फोल्डरमधली एक टीआयएफएफ, गणपतीच्या चित्राची.

भडंगप्रेमी | मंगळवार, रात्री ८:५०

बघा, सांगितलं नव्हतं? अर्धा दिवस तरी पळालं का नाही!

रात्रपाळी | मंगळवार, रात्री ९:१५

ताई, पीसी आत्ता बंद असेल तर बंदच राहू द्या. उद्या चालू कराल तेव्हा काम करायला चालू करू नका.

हे नऊ हजार मिलिसेकंद म्हणजे नऊ सेकंद. एक छोटी मागणी पुरी व्हायला तेरा मिलिसेकंद लागावेत तिथे नऊ सेकंद. गर्दीने असं होत नाही, तेही दर वेळी एकाच फाइलवर. तबकडीवरची ती जागा डिस्कला वाचता येत नाहीये. ती वाचते, बेरीज जुळत नाही, पुन्हा फिरून येते, डोकं किंचित सरकवून पुन्हा वाचते. तुमची सुपारी तिथे कातरली जातेय. घरगुती डिस्क अशा एकेका सेक्टरवर (तबकडीवरच्या छोट्या तुकड्यावर) कितीतरी सेकंद हट्टाने बसते. रेडसाठी (अनेक डिस्क जोडून डेटा ठेवायची पद्धत) बनवलेल्या डिस्क साधारण सात सेकंदांत हात वर करतात, कारण तिथे दुसरी प्रत असते. तुमच्या डिस्कला माहीत असतं की तिच्याशिवाय ते कुणाकडे नाही.

भडंगराव, तुमचा उपाय लागू पडला म्हणूनच तो घातक होता. विंडोज सर्चचा इंडेक्सर त्या फोल्डरमध्ये शिरत होता, अडकत होता, बहुधा पुन्हा पुन्हा जात होता. तुम्ही त्याला घरी बसवलंत, तिथे जाणारं कुणी उरलं नाही, म्हणून शांतता. बाबांनी फोल्डर उघडला आणि एक्सप्लोरर चित्रांची छोटी रूपं काढायला त्याच फाइलवर गेला. अँटिव्हायरस ३१ टक्क्यांवर अडकला तोही बहुधा इथेच.

आणि फॉरमॅटने का फरक पडला नाही तेही यातच आलं. सी फॉरमॅट केला, दुखणं डीवर.

खटपट्या | मंगळवार, रात्री ९:२२

ताई, "बॅकअप डीवर आहे" हे वाक्य मी काल वाचून सोडून दिलं, त्याची आता लाज वाटतेय. सी, डी, ई ह्या तीन डिस्क आहेत का? की १ टीबीचेच तीन भाग?

पत्रिकावाली | मंगळवार, रात्री ९:३०

एकाच डिस्कचे तीन भाग. मशीन घेतलं तेव्हाच तसे पाडून दिले होते. सगळे म्हणायचे विंडोज उडालं तरी डी सुरक्षित.

खटपट्या | मंगळवार, रात्री ९:३८

विंडोज उडालं तर सुरक्षित. डिस्क उडाली तर नाही. एकाच कपाटाचे तीन कप्पे आहेत ते. वाळवी लागली तर वरच्या कप्प्यातल्या प्रतीला कोण वाचवणार? आपल्याकडे निम्म्या लोकांचा बॅकअप असाच डीवर बसलेला असतो. माझ्या सख्ख्या भावाचाही होता.

उंबरठा | मंगळवार, रात्री ९:५०

मग चेकडिस्क स्लॅश आर चालवून टाकायचं ना, खराब सेक्टर बाजूला काढून देतो.

रात्रपाळी | मंगळवार, रात्री ९:५८

नको! निदान आत्ता नको. स्लॅश आर पूर्ण भाग इंच इंच वाचतो. आजारी डिस्कला मॅरेथॉन लावण्यासारखं आहे, १ टीबीला सहज रात्र जाते आणि मध्येच डिस्कने मान टाकली तर डेटा हाती काहीच नाही. आधी डेटा बाहेर. मग काय हवं ते करा.

ताई, उद्या सकाळी क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर उघडा. डिस्क स्वतःची तब्येत स्मार्ट नावाच्या वहीत लिहून ठेवते, ती हे दाखवतं. ०५, सी५, सी६ आणि सी७ या चार ओळींचे शेवटच्या रकान्यातले आकडे इथे द्या. वर रंगीत चौकोन कोणता आहे तेही.

पत्रिकावाली | बुधवार, सकाळी १०:१२

चौकोन पिवळा. ०५ समोर सगळी शून्यं. सी५ समोर शून्यांनंतर १८. सी६ पण १८. सी७ शून्य. वापराचे तास ३१,०००च्या वर. म्हणजे १८च सेक्टर खराब? एवढे चालून जातील का?

रात्रपाळी | बुधवार, सकाळी १०:४०

झोपायच्या आधी उत्तर देतो. तो रकाना मुळात सोळाच्या पायावर लिहिलेला असतो, जोपर्यंत तुम्ही सेटिंग बदलत नाही. तिथले १८ म्हणजे आपले २४ (१६ अधिक ८). आणि २४ ला ८ ने भाग जातो याकडे लक्ष द्या. तुमच्या डिस्कच्या वयाच्या बऱ्याच डिस्कवर खरा सेक्टर ४ केबीचा असतो आणि मोजताना तो ५१२ बाइटचे आठ म्हणून मोजला जातो. तसं असेल तर प्रत्यक्षात तीनच जागा बिघडल्यात. एकूण १२ केबी. पण तीनवर थांबतीलच असं नाही, ३१,००० तास झालेत.

सी५ म्हणजे "वाचता येत नाही, पण निकाल राखून ठेवलाय" अशी जागा. सी६ म्हणजे डिस्कला स्वतः तपासतानाही वाचता न आलेल्या जागा. ०५ म्हणजे निकाल लागला, बदली दिली. सी७ शून्य आहे हे चांगलं, केबलवर संशय नाही. तो वाढत असता तर डिस्कला मशीनशी जोडणारी साटा केबल बदलून काम झालं असतं, आणि मी ते आधीच विचारायला हवं होतं.

इव्हेंट व्ह्यूअरच्या सिस्टिम लॉगमध्ये ७ आणि १५३ नंबरच्या नोंदीही सापडतील. ७ म्हणजे बॅड ब्लॉक, १५३ म्हणजे मागणी पुन्हा करावी लागली. बघितलं नाही तरी चालेल, निदान झालंय.

खटपट्या | बुधवार, सकाळी ११:०५

आता डेटा काढायचं. बाहेरची यूएसबी डिस्क आणा, मागच्या निळ्या पोर्टला लावा. माउसने ओढून कॉपी करू नका, खराब फाइलवर खिडकी उघडून बसेल आणि उरलेलं सगळं तिच्यामागे खोळंबेल. रोबोकॉपी वापरा, विंडोजमध्येच असतं. पण त्याला नुसतं सोडू नका. मूळ सेटिंगमध्ये ते अडलेल्या फाइलसाठी दहा लाख वेळा प्रयत्न करतं आणि दर दोन प्रयत्नांत ३० सेकंद थांबतं. हिशेब करा, नातवंडांच्या पत्रिका छापायची वेळ येईल. म्हणून आदेशाच्या शेवटी स्लॅश आर कोलन शून्य आणि स्लॅश डब्ल्यू कोलन शून्य लिहायचं: अडलं तर सोड, पुढे चल. सबफोल्डरांसाठी स्लॅश ई.

क्रम असा ठेवा: या सीझनची चालू कामं, मग फाँट, मग जुनी वर्षं नव्याकडून मागे, आणि २०१७ सगळ्यात शेवटी. डिस्क मरायची असेल तर ती तिथेच मरेल, तोवर बाकीचं बाहेर पडलेलं असेल.

पेंग्विनभक्त | बुधवार, सकाळी ११:३०

याहून वाईट हाल असते तर पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून डीडीरेस्क्यू म्हटलं असतं. ते आधी सोप्या जागा उचलतं, अवघड शेवटी, आणि कुठे अडलं त्याची नोंद ठेवतं. पण तीन सेक्टरांसाठी रोबोकॉपी पुरे. (बघा, मी लिनक्स टाका म्हणालो नाही.)

पत्रिकावाली | गुरुवार, रात्री ९:२५

झालं. ३८० जीबी, साडेपाच तास. बाबा शेजारी खुर्ची टाकून बसले होते, आयसीयूबाहेर बसतात तसे. सगळं सरळ गेलं आणि २०१७ ला आल्यावर पुन्हा तो आवाज. ओळ हलेना. मला वाटलं गेलं. दीड-दोन मिनिटांनी पुढे सरकली. शेवटच्या तक्त्यात फेल्डखाली २. एक तीच गणपतीची टीआयएफएफ आणि एक कोरलची फाइल.

टीआयएफएफ दुसऱ्या एका फोल्डरमध्ये सापडली. कोरलची फाइल नेमकी त्या साडेतीनवाल्या गिऱ्हाइकाची! पण बाबांचा जुना खाक्या, प्रत्येक पत्रिकेचा एक नमुना कागदी फाइलला टोचून ठेवायचा. २०१७ ची फाइल माळ्यावर होती. त्यावरून पुन्हा टाइप केली, आणि थोरल्याच्या पत्रिकेत आत्याबाईंचं नाव राहिलं होतं तेही या वेळी घातलं.

अवांतर: विंडोज सर्च आता परत चालू करायचं का? खरं तर आमच्या उपयोगाचं नाहीच. जुना मजकूर सगळा युनिकोडच्या आधीच्या फाँटांत. "चि. सौ. कां." शोधलं तर एक फाइल सापडत नाही, आतमध्ये नुसती इंग्रजी अक्षरांची मिसळ.

खटपट्या | गुरुवार, रात्री ९:४०

हाहाहा, म्हणजे तो इंडेक्सर इतकी वर्षं अक्षर न कळता पोथी वाचत होता. पत्रिकांचा फोल्डर इंडेक्सिंगच्या पर्यायांतून वगळा, बाकीचं चालू राहू द्या.

आता टिंब यांचा सल्ला पाळायची वेळ आलीय. अडीच इंची साटा एसएसडी (हिच्यात फिरती तबकडी नसते), ५०० जीबी पुरे. आणि रॅम ८ करा, तुमच्या मशीनला डीडीआर-३ लागेल. दिवसभर डिस्कवर होणारी धावपळ निम्मी रॅम अपुरी असल्याचीच असते. रिसोर्स मॉनिटरच्या मेमरी टॅबवर हार्ड फॉल्टचा (रॅममध्ये नसलेलं डिस्कवरून आणावं लागणं) आलेख बघा, कोरल आणि फोटोशॉप एकत्र उघडल्यावर तो डोंगरासारखा होत असणार.

टिंब | गुरुवार, रात्री ९:४१

सोमवारीच सांगितलं होतं.

रात्रपाळी | गुरुवार, रात्री ११:५०

टिंबशेठ, सोमवारीच एसएसडी आणली असती तर दुकानदाराने जुनी डिस्क तशीच क्लोन करायला लावली असती आणि ती २०१७ वर अडकून बसली असती. दुखण्याचं निदान आधी झालं हे बरं झालं.

ताई, विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय आणि तुमचा तिसऱ्या पिढीचा आय-५ विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. सीझन संपला की त्याचाही विचार करा. आत्ता नको, आत्ता पत्रिका छापा.

उंबरठा | शुक्रवार, दुपारी १:१५

माझं उलटं आहे. नवी मोठी डिस्क घेतलीय, फोटो टाकून झाले तरी अर्धा तास गुरगुरते. पण दिवा बंद! मलाही धसका बसला.

रात्रपाळी | शुक्रवार, दुपारी ४:३०

दिवा म्हणजे मशीन आणि डिस्कमधलं बोलणं. आवाज म्हणजे डिस्कचं स्वतःचं काम. दिवा नाही आणि आवाज आहे, म्हणजे डिस्क आपलं घर आवरतेय. बऱ्याच मोठ्या डिस्क आता एसएमआर पद्धतीच्या असतात, कौलांसारख्या रेघा एकमेकींवर थोड्या चढवलेल्या. लिहिताना सामान आधी ओसरीत टाकतात आणि सवडीने आत लावतात. स्मार्टची वही एकदा बघून घ्या, सी५ शून्य असेल तर बिनधास्त गुरगुरू द्या.

भडंगप्रेमी | शुक्रवार, संध्याकाळी ६:०२

मी पण माझी वही उघडली राव. सी५ समोर ८. चौकोन पिवळा. सर्च चार वर्षं बंद आहे माझं. यूएसबी डिस्क आणायला निघालोय.

पत्रिकावाली | पुढचा बुधवार, रात्री ८:३०

एसएसडी बसली, रॅम ८ झाली. साडेतीन इंची खाचेत अडीच इंची डिस्क बसेना, पट्टी मिळेपर्यंत दुहेरी टेपने चिकटवलीय, कुणी हसू नका. कोरल उघडायला पूर्वी चहा व्हायचा, आता पातेलं ठेवेपर्यंत उघडतं.

जुनी डिस्क सगळा डेटा दोन ठिकाणी आहे याची खात्री करून पूर्ण फॉरमॅट केली, क्विक नाही. सी५ शून्य झाला, ०५ आठ. म्हणजे एका जागेची बदली, बाकीच्या दोन पुन्हा लिहिल्यावर धडधाकट निघाल्या, बरोबर ना? तरी तिच्यावर कामाचं काही ठेवणार नाही, बाबांची जुनी नाट्यगीतं आहेत तेवढीच टाकलीत.

एकच गोची झालीय. मशीनचा आता काहीच आवाज येत नाही. सोमवारी बाबांना वाटलं बंदच आहे, म्हणून त्यांनी चालू करायला बटण दाबलं. दोनदा. माझी सेव्ह न केलेली मुंजीची पत्रिका गेली.